पुढचा शाफ्ट

३ मार्च १९७४, मलकापूर

आज गाडी रस्ता सोडून गेली. मिलिटरीत सतरा वर्सं ड्रायव्हरकी केली, लडाखात बर्फावर हाकली, एकाहत्तरला राजस्थानच्या वाळूत हाकली, कवा चाक रस्त्याखाली उतरलं न्हाई. आन आज पाटणच्या अलीकडं, भर दुपारी, सुक्क्या डांबरावर ॲम्बेसिडर सरळ जाऊन बाभळीला भिडली. मागं सुपारी फोडायला निघालेली माणसं. एका म्हाताऱ्याच्या कपाळाला खोक पडली, बाकी कुणाला काय न्हाई. म्हातारा रक्त पुसत म्हणतो, "हवालदार, डुलकी लागली व्हती का?" असा राग आला मला! पण भाडं व्हतं, काय बोलणार.

डुलकी न्हाई, काय न्हाई. वळण दिसलं, ब्रेक दाबला, गाडी थांबायच्या जागी पुढं गेली. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. मला वाटतं दोष गाडीच्या जातीतच हाय. ॲम्बेसिडरची ताकद मागच्या चाकांना. मागची चाकं ढकलत्यात, पुढची नुसती वाट दावत्यात. मागच्या सीटवर माणसं कोंबली की ढकलणं वाढतं. वळणावर पुढच्या चाकांनी बिचाऱ्यांनी करायचं काय? मिलिटरीची जीप असती तर चारी चाकांनी रस्ता धरला असता.

अर्जुनाला अजून सांगितलं न्हाई. गाडी आमच्या दोघा भावांत हाय. तो ऊस बघतो, मी गाडी बघतो.

५ मार्च

गाडी कराडात गुंडा मिस्त्रीकडं नेली. त्यानं चारी चाकं उतरवली, ब्रेक उघडून बघितलं, तेल बघितलं.

"मानसिंगदादा, ब्रेक एकदम कडक हाईत. काय बी दोष न्हाई."

"मग थांबली का न्हाई?"

"ते मी कसं सांगू? तुमचा पाय कुठं व्हता?"

माझा पाय कुठं व्हता! हा गडी चड्डीत हिंडत व्हता तवा मी कॉन्व्हॉय घेऊन खिंडी चढत व्हतो. तरी मी डोकं शांत ठेवून त्याला मागच्या चाकाचं आन चार चाकाचं सगळं समजावून सांगितलं. तो चिंधीनं हात पुसत ऐकत राहिला. मग म्हणतो, "दादा, ताकद मागच्या दोन चाकास्नी असू द्या न्हाई तर चारीला, ब्रेक तर चारी चाकास्नी असतोयच की. जीप चिखलातनं भाईर निघंल, ते खरं. पर थांबायचं ते ब्रेकावरच थांबंल."

मिस्त्री चांगला हाय, पण त्यानं डोंगरात गाडी हाकलेली न्हाई. गॅरेजात बसून असलं बोलायला काय जातंय.

२१ मार्च

अर्जुनाशी जुंपली. मी म्हणालो, ॲम्बेसिडर विकू आन मिलिटरीनं विकायला काढलेली डिस्पोजलची जीप घेऊ, फोर बाय फोर. तो उडालाच.

"दादा, लग्नसराईत नवरा-नवरीला जीपमधी बसवनार व्हय तू? लोकं ॲम्बेसिडर मागत्यात. जीप लय पेट्रोल पिती. आदीच पेट्रोलला आग लागलीया."

"आन गाडी बाभळीत गेली ती?"

"येकदाच गेली की!"

"येकदाच जाती रं गाडी. दुसऱ्यांदा जायला माणूस जित्ता लागतो."

हे मी लय झकास बोललो असं तवा वाटलं.  तेवढ्यात सुला, अर्जुनाची बायको, सुपात शेंगा घेऊन आली आन दारातच उभी राहिली. ती माझ्यासमोर पदर घेऊन बोलती, पण बोलती मात्र सडेतोड. म्हणाली, "दादा, जीपच घ्या. पाटणच्या पुढं वढ्यावर फरशीचा बुटका पूल हाय, पावसाळ्यात वरनं पाणी जातंय, तितनं येष्टी जात न्हाई. श्रावनात माजं म्हायेर मला दिसत न्हाई. गेल्या साली पंचमीला आईनं वाट बघितली, मी हितं चुलीफुडं बसून रडले. तुमच्या भावाला त्येचं काय?"

अर्जुनाला बायकोपुढं कधी बोलता आलंय का? शेंग फोडली, तोंडात टाकली, म्हणाला, "घ्या मग जीप. माजं काय जातंय."

माझी बाजू सुलानं लढवली. ही पोर ह्या घरात आल्यापासनं घराला आवाज आला.

१६ एप्रिल

तहान लय लागती हल्ली. रात्री तांब्या उशाशी, सकाळी रिकामा. आमची बायको, मनुबाई, चेष्टा करती, "मागल्या जन्मी उंट व्हतासा का वाळवंटातलं?" मोरीत मुंग्यांची रांग लागलेली, तिनं राख टाकली तरी परत येत्यात. उन्हाळाच हाय तसला.

९ जून

आज जीप चालवली. एका रिटायर कॅप्टनसाहेबांची, डिस्पोजलातनं घेतलेली. साहेब आता म्हातारे झाले, मुलं मुंबईला, गाडी दारात उभी. हिरवा रंग अजून तसाच. मी बसलो, चावी फिरवली आन तो आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला लिहू.

नदीच्या वाळूत घातली मुद्दाम. मागच्या चाकांवर होती तवर रुतली. मग बारकी दांडी पुढं सारली, पुढच्या चाकांना ताकद दिली, आन अलगद वर आली. अर्जुना काठावर उभा व्हता. त्याला हाक मारली, "बघ रं! हिला म्हणत्यात गाडी!" तो हसला. लहानपणी बैलगाडीत पुढं बसवलं की हसायचा, तसा हसला.

साहेबांनी विचारलं, "हवालदार, पाय का ओढताय?" मला म्हाईतच न्हाई मी पाय ओढतो ते. म्हणालो, नवी चप्पल हाय.

२८ जुलै

जीप घरात आली त्याला महिना झाला. लिहायला सवड न्हाई, इतकं काम. काल फरशीच्या अलीकडं दुधाचा टेम्पो चिखलात बसलेला. दोर बांधला, चारी चाकं लावली, बाहेर काढला. पोरं ओरडत व्हती. अशा वेळी वाटतं, मिलिटरी सुटली तरी आपण संपलो न्हाई.

सुलाला आन तिच्या लेकीला, तानूला, माहेरी सोडून आलो. तानू आता सोळाची हाय, मागं बसून सारखी गाणं म्हणती. फरशीवरनं पाणी वाहत व्हतं, गाडी गेली सरळ. सुलाची आई दारात आली, जीपच्या चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं. सुला म्हणाली, "दादा, ह्या गाडीनं मला म्हायेर दिलं."

परत येताना बघतो तर उजव्या पायात चप्पल न्हाई. कवा निसटली, कुठं निसटली, पत्ता न्हाई. मनुबाईला सांगितलं तर ती हसली न्हाई. म्हणाली, "पायातली चप्पल गेलेली कळत न्हाई माणसाला?" मी म्हणालो, चिखलानं वढली असंल. चिखल काय सोडतोय.

१९ नोव्हेंबर

थंडी पडली. पायाला सारख्या मुंग्या येत्यात, तळव्याखाली कापूस बांधल्यासारखं वाटतं. विटकर तापवून फडक्यात गुंडाळून शेकत बसलो, रेडिओ ऐकत. बरं वाटत व्हतं, म्हणजे काय बी वाटत नव्हतं. मनुबाई आली आन किंचाळलीच. फडकं करपलेलं, तळव्याची कातडी विटकरीला चिकटलेली. वास मला आला व्हता, मला वाटलं शेजारी काय तरी जळतंय.

जखम भरंना. हळद लावतीय रोज. दुखत न्हाई, ते एक बरं.

२ फेब्रुवारी १९७५

अर्जुना आन गुंडा मिस्त्री दोघांनी मिळून मला गाठलं. अर्जुना म्हणाला, "दादा, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर चार चाकं लागत्यात का? पुढच्या चाकास्नी ताकद नेतो त्यो पुढचा शाफ्ट कोरड्यात नुसताच फिरतोय. सगळी डिस्पोजलवाली तो काढून ठेवत्यात. गाडी हलकी व्हती, पेट्रोल वाचतं. पावसाळ्याच्या आदी परत बसवू."

गुंडा म्हणाला, खरं हाय, काढत्यात सगळे. चार बोल्ट वरचे, चार खालचे.

माझ्या जिवावर आलं. सगळा हट्ट ज्याच्यासाठी केला ते काढून कोपऱ्यात ठेवायचं? पण अर्जुनानं जीप घेताना माझं ऐकलं व्हतं. एकाच घरात सगळं माझंच चालायला लागलं तर तो तरी काय करंल. म्हणालो, काढ. पण मृग निघाला की बसवायचा. तो म्हणाला, "तुजी शप्पत दादा."

शाफ्ट घरी आणून त्यानं माळ्यावर टाकला.

१४ जुलै

अर्जुनाला दोनदा सांगितलं, शाफ्ट बसव. त्याची उसाची भरणी चाललीय, गुंडा आजारी हाय. म्हणतो, पंचमी झाली की बसवू. मी स्वतः बसवला असता, पण उकिडवं बसलं की पाय बधिर होतो, उठता येत न्हाई. बघू.

१० ऑगस्ट

परवा पंचमी. उद्या सकाळी सुलाला आन तानूला घेऊन निघायचं. सुलानं नवी बांगडी भरलीय, दोनदा पिशवी भरली, दोनदा उपसली. मी म्हणालो, "सुला, शाफ्ट न्हाई गाडीला, येष्टीनं जावा फरशीपतूर, पुढं चालत." ती म्हणाली, "न्हाई दादा, मला गाडीतनं उतरायचंय आईच्या दारात." 

पाऊस गेले दोन दिवस उघडलाय. पाणी उतरलं असणार.

१४ ऑगस्ट

सुला गेली.

लिहू का नको असं झालंय. लिहिलं न्हाई तर डोक्यात फिरत राहतंय.

फरशीचा उतार लागला तवा मी दुसऱ्या गिअरात व्हतो. फरशीवर पाणी व्हतं, पण लय न्हाई, घोट्याएवढं. सुला शेजारी बसलेली, तानू मागं. सुला म्हणाली, "दादा, थांबून बगा." मी म्हणालो, थांबतो. ब्रेक दाबला. पुरा दाबला. गाडी थांबायच्या जागी उसळली. इंजिन बोंबललं. मागच्या चाकांनी अशी ढकलली की मला कळायच्या आत आम्ही फरशीवर, फरशीवरनं कडेला, आन कडेवरनं खाली. सुलाच्या बाजूला पलटी झाली. पाणी कमरेएवढं, पण गाडी तिच्या अंगावर. तानू बाहेर फेकली गेली, ती वाचली. मी वाचलो. वरच्या वस्तीतली माणसं धावत आली, सगळ्यांनी उचलली. तवर झालं व्हतं.

तिच्या आईचं घर फरशीवरनं दिसतं.

काल राख सावडायला मसनात गेलो, तवा अर्जुना उभा व्हता. रडत नव्हता, नुसता बघत व्हता. मला सगळं असं भरून आलं, आन माझ्या तोंडातनं गेलं, "अर्जुना, आठ बोल्ट बसवायचं व्हतं रं. तुज्या त्या शाफ्टानं खाल्ली तिला." सगळ्या भावकीनं ऐकलं. अर्जुना खाली बसला. त्याला दोघांनी धरून घरी आणला.

मी खोटं बोललो न्हाई. चारी चाकं असती तर गाडीनं धरलं असतं.

२७ ऑगस्ट

तानू आज पहिल्यांदा बोलली. मनुबाई तिचं डोकं विंचरत व्हती, मी शेजारी. म्हणाली, "आबा, आई थांबा म्हनाली तवा तुमी गाडी जोरात का सोडली?"

मी म्हणालो, "सोडली न्हाई बाळा. ब्रेक दाबला व्हता मी."

"मग आवाज का वाढला?"

पोर भ्यालेली हाय, तिला काय कळतंय. मी उठून बाहेर आलो. मनुबाई मागनं आली, गोठ्यात मला गाठलं आन हळू आवाजात म्हणाली, "आवं, तुमच्या पायाला विस्तव लागला तर तुमास्नी कळलं न्हाई. चप्पल गेली कळलं न्हाई. पायाखाली ब्रेक हाय का दुसरं काय, ते तरी कळतंय का तुमास्नी? खरं सांगा मला."

बायकोवर मी कवा हात उगारला न्हाई, आज उगारला. खाली घेतला तो भाग वेगळा. तिला माझी शपथ घातली की हे खूळ अर्जुनापुढं, तानूपुढं, कुणापुढं बोलायचं न्हाई. घरात आधीच एवढं झालंय, त्यात आन हे कशाला? ती म्हैस सोडायला गेली.

१२ ऑक्टोबर

अर्जुना शाफ्ट घेऊन बसतो. माळ्यावरनं खाली काढलाय. रॉकेलनं धुतो, ग्रीस लावतो, पोत्यात गुंडाळतो, दुसऱ्या दिवशी परत काढतो. उसात पाणी सोडलंय का न्हाई त्याची शुद्ध न्हाई. दाढी वाढलीय. गावात त्याच्याशी लोक नीट बोलत न्हाईत. सलूनमधी कुणी तरी म्हणालं म्हणे, पेट्रोल वाचवलं आन बायको घालवली. मला वाईट वाटलं. हे असं गावभर व्हावं असं मला नको व्हतं. पण मी काय करू, झालं ते झालं.

गुंडानं जीप दुरुस्त करून दिली. पैसे घेईना. ब्रेक तपासलं का विचारलं तर म्हणाला, "तपासलं. पयल्यासारकंच हाईत." माझ्याकडं बघितलं न्हाई.

३ नोव्हेंबर

दिवाळी. आमच्याकडं न्हाई.

सगळी शेतावर गेली तवा शेडात जाऊन जीपमधी बसलो. का बसलो ते सांगता येणार न्हाई. डोळं मिटलं आन उजवा पाय उचलून ठेवला. स्वतःला विचारलं, मानसिंग, पाय कशावर हाय? सांगता येईना. परत उचलला, परत ठेवला. ब्रेक, असं म्हणालो आन डोळं उघडून बघितलं. ब्रेकवर नव्हता. तिसऱ्यांदा बघितलं तर दोन्हीच्या मधल्या जागेत, पत्र्यावर.

मला भ्या वाटलं. हे हितं लिहून ठेवतो, बोलणार कुणालाच न्हाई.

थंडी हाय, त्यानं बधिर झाला असणार. लडाखला पाय सुन्न व्हायचे, उन्हात बसलं की परत यायचे. आन डोळं मिटून कोण गाडी चालवतं? डोळं उघडं असलं की मी कुणाच्या बापाला ऐकत न्हाई. ही गाडी सुटली तर मी कोण? पेन्शन घेऊन पारावर तंबाखू मळत बसणारा म्हातारा. त्यापेक्षा सुलाच्या जागी मी गेलो असतो तर बरं झालं असतं. हे मात्र खरंच वाटतं मला, देवाशप्पथ.

२२ फेब्रुवारी १९७६

सुलाचा भाऊ येऊन गेला. तानूला आपल्या पोरासाठी मागितलं. मामाच्या घरी जाईल, आज्जीच्या डोळ्यासमोर राहील. आन आई गेल्यावर वर्साच्या आत लग्न उरकायला पाहिजे, न्हाई तर पुढं तीन वर्सं थांबायचं. पोरगं चांगलं हाय, कराडला शिकतंय. तानूला विचारलं, तिनं मान हलवली.

लग्न त्यांच्या दारात. म्हणजे फरशीवरनंच जायचं.

रात्री जेवताना मनुबाईनं परत सुरू केलं. "मिरजंला मोठ्या डॉक्टरला पाय दावा. आमच्या मामास्नी साकरंचा रोग व्हता. अशीच तहान, अशाच मोरीत मुंग्या. शेवटी पाय कापला त्येंचा." मी म्हणालो, मिलिटरीनं मला तब्येतीत ए कॅटेगरी देऊन सोडलाय, मला रोग दावू नको. डॉक्टरकडं गेलो की तो पहिलं म्हणणार, गाडी बंद. त्यांना काय, लिहून दिलं की झालं.

तळव्याची जखम परत उघडलीय. ह्या वेळी काळी दिसती.

६ मे

अर्जुनानं शाफ्ट बसवला.

गुंडाला बोलावू म्हणालो तर ऐकंना. "माज्या हातानं काडला, माज्या हातानं बसवनार." धोतर खोचून गाडीखाली शिरला, मी वरनं पाने देत व्हतो. दोन तास लागले. एकेक बोल्ट आवळताना तोंडानं काय तरी पुटपुटत व्हता. बाहेर आला तवा तोंड, छाती सगळी ग्रीसनं काळी. माझ्याकडं बघून म्हणाला, "दादा, घट्ट बसलाय. आता काय व्हनार न्हाई न्हवं?"

"न्हाई रं. आता चारी चाकं हाईत."

तवा त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, "मला माप कर दादा. मी तुजं ऐकलं न्हाई." आन ढसाढसा रडला. सुला गेल्यापासनं हे त्याचं पहिलं रडणं. मी त्याला उठवून जवळ घेतलं. पाठीवरनं हात फिरवला. माफ केलं म्हणालो. त्याचं डोकं माझ्या पायावर व्हतं, आसवं पडत व्हती, बघितली म्हणून कळलं.

मनुबाई दारात उभी राहून हे बघत व्हती. ती तोंडाला पदर लावून आत पळाली.

९ मे

मनुबाईनं सगळे मार्ग करून बघितले. लग्नाला येष्टी ठरवू म्हणाली. अर्जुना म्हणाला, वऱ्हाड येष्टीनं जाईल, पण नवरी माझ्या दादाच्या गाडीतनंच जाईल. मग म्हणाली, गुंडाला चालवायला सांगा, तुमी थकलाय. अर्जुना रागावला, "वैनी, दादाच्या हातात गाडी असल्यावर दुसऱ्याचं नाव काडू नका." मला बरं वाटलं. भाऊ परत भाऊ झाला.

मग तिनं मला एकट्याला गाठलं. म्हणाली, "मला शपतंतनं मोकळी करा." मी म्हणालो, लग्न होऊ दे, मग बघू.

दुपारी तिनं एक नवीनच काढलं. जीपपाशी येऊन म्हणती, "आवं, ही गाडी पायानं न्हाई, हातानं थांबवायची असली तर काय करायचं असतं?"

मला हसूच आलं. एवढी वर्सं ड्रायव्हरच्या घरात राहिली आन आज हिला गाडी शिकायची हुक्की आली! मी हँडब्रेक दाखवला, मधी खाली मूठ हाय, ती धरून जोरात मागं ओढायची. तिनं ओढून बघितली. हलंना. मग दोन्ही हातांनी, पाय पत्र्याला टेकवून ओढली. आली. परत सोडून दाखवायला लावली, परत ओढली. संध्याकाळपतूर तेच चाललं व्हतं, हाताला फोड आले तिच्या. मी म्हणालो, "तुला आता मिलिटरीत भरती करतो." ती हसली न्हाई. एकदा म्हणाली, गाडी चालू असताना ओढून बघायचीय. तेवढं आवारात फिरवून दाखवलं. जोरात ओढली बाईनं. माझं कपाळ काचेला आपटलं.

१२ मे, सकाळ

आज तानूचं लग्न. वऱ्हाडाची येष्टी पुढं गेली. जीपला आंब्याचं डहाळं बांधलंय, बॉनेटला कुंकू. तानू हळदीच्या अंगानं मागं बसलीय, तिच्या शेजारी अर्जुना, सुलाचा फोटो मांडीवर घेऊन. वारं पडलंय, आभाळ मोकळं, फरशी कोरडी असणार. अर्जुना म्हणाला, फरशीवर थांबू या दादा, सुलाला हाक मारू. मी म्हणालो, थांबू.

मनुबाई पुढं बसायची म्हणून हटून बसलीय, सुला बसली व्हती त्याच जागी. बसल्या बसल्या हात त्या मुठीवर. मी म्हणालो, "अगं, लोकं काय म्हणतील, नवरीची चुलती हँडब्रेक धरून बसलीय! चारी चाकं लागल्यात, आता कशाचं भ्याव?" तर म्हणती कशी, "तुमी रस्त्याकडं बगा. तुमच्या पायाकडं मी बगते."

बायकांपुढं बोलून उपेग न्हाई. बसू दे.

निघायचंच, पण उजव्या पायातली चप्पल सापडंना. मघाशी देव्हाऱ्याला नमस्कार करून घातली व्हती, ते आठवतंय. वट्ट्यापासनं गाडीपतूर आलो तेवढ्यात कुठं तरी पडली. अर्जुना हुडकायला गेलाय. मिळाली की निघतो.